मगदाला, १८६८: मुंबईहून निघालेली स्वारी आणि तिचं बिल

इंग्रजांच्या एकोणिसाव्या शतकातल्या स्वाऱ्यांपैकी हबसाणची, म्हणजे आजच्या इथिओपियातली स्वारी लष्करी वर्तुळात फार कौतुकाने सांगितली जाते. निकाल दोन ओळींत मावतो. ऑक्टोबर १८६७ मध्ये मुंबईहून गेलेली पहिली तुकडी लाल समुद्राच्या किनाऱ्यावर उतरली, १३ एप्रिल १८६८ ला मगदालाचा डोंगरी किल्ला पडला, कैदी सुटले आणि जूनमध्ये उरलीसुरली माणसं जहाजात चढून परत निघाली. लढाईत इंग्रजांकडचे दोन जण दगावले. मुलूख ताब्यात ठेवायचा मोह कुणाला झाला नाही, फौज अडकून पडली नाही, माघारीत कत्तल झाली नाही. १८४२ साली काबूलहून परतताना एक अख्खी फौज बर्फात गमावलेल्या सरकारला हे यश किती गोड लागलं असेल, याची कल्पना करता येते.

माझ्या मते या प्रकरणात लढाई हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. मगदाला घेतला तो पाण्याच्या पिंपांनी, खेचरांनी, चांदीच्या नाण्यांनी आणि वाटेवरच्या एका सरदाराच्या स्वार्थाने. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट रोख मोजून घेतली होती. आणि बिल फाडायची वेळ आली तेव्हा त्यातला एक हिस्सा हिंदुस्थानच्या रयतेच्या नावावर गेला, जिचं या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं.

उत्तर न आलेलं पत्र

कासा हायलू नावाचा सरहद्दीवरचा एक बंडखोर १८५५ मध्ये दुसरा तेवोद्रोस म्हणून सम्राट झाला. माणूस कर्तबगार होता. विखुरलेल्या सरदारांना एका छत्राखाली आणायचं, चर्चच्या जमिनींना हात घालायचा, तोफा देशातच ओतायच्या, असे त्याचे बेत होते. एका बाजूला इजिप्त आणि तुर्क, दुसऱ्या बाजूला रोज फुटणारे स्वतःचे सरदार. या कोंडीतून वाट काढायला १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं. आपण दोघेही ख्रिस्ती, तेव्हा मैत्री करू, माझा वकील तुमच्याकडे पाठवतो, असा त्याचा सूर होता. पत्र लंडनला पोचलं आणि तिथल्या दप्तरात पडून राहिलं. उत्तर गेलंच नाही.

वर्ष गेलं, दुसरं लागलं. मध्यंतरी इंग्रज वकील चार्ल्स डंकन कॅमेरॉन हा इजिप्तच्या ताब्यातल्या कसाला भागात जाऊन आला. तेवोद्रोसच्या डोळ्यांना तेवढं पुरेसं होतं: मला उत्तर नाही आणि माझ्या वैऱ्याकडे मात्र चकरा. जानेवारी १८६४ मध्ये कॅमेरॉनच्या पायात बेड्या पडल्या. हेन्री स्टर्न हा मिशनरी त्याआधीच कैदेत होता. त्याने छापील मजकुरात सम्राटाच्या आईबद्दल हलकं लिहिलं होतं. मग लंडनला जाग आली. उत्तर तयार झालं आणि ते पोचवायला होर्मुझ्द रस्साम या मूळच्या मोसुलच्या अधिकाऱ्याला धाडलं. तो एडनच्या रेसिडेन्सीत नोकरीला होता. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली असल्याने, कुणी ठरवून केलेलं नसलं तरी प्रकरण मुंबईच्या पदरात पडायला इथूनच सुरुवात झाली. रस्सामबरोबर डॉ. हेन्री ब्लांक आणि लेफ्टनंट विल्यम प्रिडो हे मुंबई सैन्याच्या नोकरीतले दोघे गेले. सम्राटाने तिघांची आधी भरपूर सरबराई केली आणि १८६६ च्या एप्रिलमध्ये, ऐन निघायच्या वेळी, त्यांनाही अडकवून टाकलं. पुढे सगळे मगदालावर.

इतका सगळा खटाटोप एका पत्राच्या पोचपावतीवर टळला असता, असं बरेच जण लिहितात. मला ते अर्धंच पटतं. तेवोद्रोसला नुसता कागद नको होता, कारागीर आणि हत्यारं हवी होती, आणि इजिप्तला दुखवून ती द्यायची लंडनची तयारी नव्हती. उत्तर गेलं असतं तरी ते नकाराचंच गेलं असतं. फक्त बेड्या बहुधा पडल्या नसत्या.

मुंबईत

१८६७ च्या ऑगस्टमध्ये स्वारीचा निर्णय झाला आणि काम मुंबई सरकारकडे आलं. सुएझ कालवा अजून खुला व्हायचा होता, त्यामुळे लाल समुद्रात फौज उतरवायला मुंबईइतकी सोयीची जागा साम्राज्यात दुसरी नव्हती. गव्हर्नर होता विल्यम सेमूर व्हेसी-फिट्झजेराल्ड आणि मुंबई सैन्याचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर. या नेपियरची आपल्याकडची एक जुनी ओळख आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर पडल्यावर तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांचा पाठलाग करत जावरा-अलीपूरला त्यांच्या तोफा घेणारा तो हाच. पण त्याची जात मुळात इंजिनियरची. कालवे, रस्ते, छावण्या बांधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. १८६० च्या चीनच्या मोहिमेत त्याने समुद्रापलीकडे फौज उतरवायचा अनुभवही घेतला होता.

नेपियरला विचारलं गेलं, किती माणसं लागतील? त्याने मागितलेला आकडा लंडनला जड वाटण्यासारखाच होता. एखादी चपळ तुकडी धावत जाऊन कैदी सोडवून आणेल, ही कल्पना त्याने मुळीच धरली नाही. त्याचा हिशेब उलट्या टोकाकडून सुरू होत होता: मगदालापासून किनाऱ्यापर्यंत परतीची वाट पूर्ण काळ उघडी राहिली पाहिजे, आणि तिच्यावरच्या प्रत्येक ठाण्याला माणूस, पाणी आणि धान्य पाहिजे. म्हणून सुमारे १३,००० सैनिक गेले, त्यांपैकी गोरे साधारण ४,००० आणि बाकीचे देशी. त्यांच्यामागे २६,००० च्या आसपास बाजारबुणगे, ४०,००० हून अधिक जनावरं आणि ४४ हत्ती. पानिपताच्या बखरी वाचलेल्या मराठी माणसाला लढवय्यांच्या दुप्पट बुणगे हा आकडा पाहून धडकीच भरेल. फरक इतकाच की इथले बहुतेक बुणगे म्हणजे पखाली वाहणारे, खेचरं हाकणारे, डोल्या उचलणारे पगारी लोक होते. ते नसते तर स्वारी किनाऱ्यावरच संपली असती.

देशी पायदळात मुंबईच्या पलटणी बऱ्याच होत्या. त्यांत तेव्हा कोकण आणि देशावरचे मराठे, महार, मुसलमान, बेने इस्राएल असे सगळे असत. त्यांतल्या ३ऱ्या आणि १०व्या पलटणी पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या, आणि या रेजिमेंटच्या जुन्या युद्धसन्मानांच्या यादीत ‘अबिसीनिया’ हे नाव आजही आहे. मुंबई आणि मद्रासचे सॅपर (रस्ते, पूल, धक्के बांधणारे शिपाई), पंजाबचे पायोनियर, बंगालचं घोडदळ हेही होते.

शहराची तेव्हाची अवस्था लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकेतली यादवी संपली तशी १८६५ मध्ये कापसाची तेजी कोसळली होती, शेअरबाजार बुडाला होता, कालचे लखपती दिवाळखोरीच्या अर्जांवर सह्या करत होते. अशा बाजारात सरकार अचानक गहू, तूप, चारा, पिंपं, खोगिरं, जहाजं, जे मिळेल ते घ्यायला उतरलं. जहाजांचा आकडा २८० च्या वर गेला. ज्यांच्याकडे देण्यासारखं काही होतं त्यांची चांदी झाली. नसरवानजी टाटा या रसदीच्या कंत्राटात भागीदार होते. त्या नफ्याने टाटांचं बुडतं घर सावरलं आणि १८६८ मध्ये जमशेटजींनी स्वतःची पेढी काढली. आपल्याकडच्या उद्योगाच्या इतिहासात हे वाक्य लोक जरा घाईने उरकतात, पण मगदालाच्या रसदीतला पैसा गिरणगावाच्या सुरुवातीला कुठेतरी मिसळलेला आहे, हे खरं.

झुल्ला

फौज उतरायची जागा होती ॲनस्ली उपसागरातलं झुल्ला, मसावा बंदराच्या दक्षिणेला सुमारे ३० मैलांवर. तिथे बंदर म्हणावं असं काहीच नव्हतं. उथळ पाणी, वाळू, खुरटी झुडपं आणि भाजून काढणारं ऊन. सॅपरांनी महिन्याभरात सुमारे ७०० यार्ड लांबीचा धक्का समुद्रात काढला, डिसेंबरच्या सुरुवातीला दुसरा. किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्याच्या कुमायलीकडे रेल्वे टाकायला घेतली. तिचे रूळ निरनिराळ्या मापांचे, वापरून झिजलेले. डब्यांना स्प्रिंगा नाहीत. इंजिनांपैकी काही चालायच्याही लायकीची नव्हती. मुंबईने अडगळ पाठवली, असं इंजिनियर म्हणाले तर त्यात नवल नाही. तरी दहा-बारा मैलांची ही लाइन जून उजाडेपर्यंत माल वाहत राहिली.

खरा प्रश्न पाण्याचा होता. झुल्लाच्या छावणीला रोज सुमारे २०० टन गोडं पाणी लागे आणि किनाऱ्यावर ते जवळपास नव्हतंच. म्हणून उपसागरात नांगरलेल्या आगबोटींचे बॉयलर दिवसरात्र पेटते ठेवले. समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, जमलेलं पाणी धक्क्यावर आणून मोजून द्यायचं. म्हणजे प्रत्येक घोटामागे कोळसा जळत होता, आणि तो कोळसाही जहाजानेच आणावा लागे. आजच्या कुठल्याही लष्करी पाठ्यपुस्तकात शोभेल असा हा बंदोबस्त आहे. फक्त तो उभा राहायच्या आत जनावरं येऊन पडली.

खेचरांची खरेदी इजिप्त, सीरिया, तुर्कस्तान, स्पेन, इटली अशी भूमध्य समुद्राभोवती जिथे मिळतील तिथून झाली होती. जनावरांबरोबर त्या त्या बंदरावर भरती केलेले खेचरवाले आले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, साहेबाला एकाचीही येत नाही, कित्येकांनी याआधी खेचराला हातही लावलेला नसावा. शिस्त लावायला अधिकारी पुरेसे पोचले नव्हते. दोर कुरतडून सुटलेली खेचरं तहानेने वेडी होऊन वाळूत भटकत आणि पाण्याच्या हौदाभोवती चिरडाचिरडी होई. त्यात घोड्या-खेचरांची आफ्रिकी साथ सुरू झाली. हजारो जनावरं गेली. किनाऱ्यावर मढ्यांची दुर्गंधी इतकी पसरली की नव्याने उतरणाऱ्या पलटणींना आधी तीच भेटे.

या गोंधळात एक तांडा मात्र नेटका चालला: लाहोरहून आलेला खेचरांचा काफिला. त्याचे हाके पंजाबातले, आपापली जनावरं ओळखणारे, त्यांच्यावरचे नायक-जमादार ठरलेले, खोगिरं मापाची. इतर ठिकाणी एकेका अननुभवी माणसाच्या गळ्यात अनोळखी खेचरं बांधून दिलेली होती. स्वारीच्या अभ्यासकाने एकच गोष्ट जवळून पाहायची असेल तर हा फरक पाहावा. जनावरं सगळीकडे सारखीच होती, पाणीही सारखंच अपुरं होतं. एका ठिकाणी माणसं, साज आणि हुकूम यांची साखळी आधी बांधलेली होती, दुसरीकडे ती जहाजातून उतरल्यावर बांधायची होती. नेपियर जानेवारी १८६८ च्या सुरुवातीला झुल्लाला उतरला. त्याने पहिले आठवडे हीच घडी बसवण्यात घालवले, तोवर पुढची कूच जवळजवळ रोखून धरली. लंडनची वर्तमानपत्रं कुरकुरत होती. पावसाळ्याआधी परत यायचं असताना हा इतका वेळ घालवणं सोपं नव्हतं.

तालेर आणि कासाई

झुल्लाहून सुरू खिंडीच्या अरुंद दरडीतून वर चढलं की ७,००० फुटांच्या वर सेनाफे लागतं. तिथून अदिग्रात, अंतालो, अशांगी सरोवर आणि पुढे मगदाला. वाट सुमारे ४०० मैलांची. हा सगळा मुलूख तेवोद्रोसच्या नावाचा होता, पण त्याच्या हुकमतीतला उरला नव्हता. उत्तरेत तिग्रेवर कासाई, लास्तात वागशुम गोबेझे, शेवात मगदालाहून पळून गेलेला मेनेलिक. यांतल्या कुणीही डोंगरातल्या घाटांवर दगड लोटायचं ठरवलं असतं, तर वर सांगितलेली ती लांबलचक तांड्यांची ओळ जागोजाग तुटली असती.

म्हणून नेपियरने जाहीरनामा काढला: आमचं भांडण एकट्या तेवोद्रोसशी, आम्हाला मुलूख नको, घेऊ त्याचे पैसे देऊ, काम झालं की निघून जाऊ. जाहीरनामे सगळेच काढतात. या वेळी लोकांनी तो खरा मानला, कारण पैसे खरोखर हातात पडत होते. तेही कसले? मुंबईचा रुपया तिथे कुणी घेईना. चालायचा तो ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा महाराणीचा चांदीचा तालेर, १७८० सालच्या छापाचा. महाराणी मरून ८७ वर्षं झाली होती, तरी बाजारातली बाई नाणं हातात घेऊन तिच्या मुकुटावरचे मोती आणि खांद्यावरच्या पदकाचे ठिपके निरखायची. ठसा पुसट दिसला की नाणं परत. मग व्हिएन्नाच्या टांकसाळीत त्याच जुन्या सालाचे नवे तालेर पाडून घेतले. मोहिमेत ४० लाखांहून जास्त तालेर लागले. जव, चारा, गुरं, सरपण आणि भाड्याचे बैल हे सगळं वाटेवरच्या गावांतून आलं, ते या नाण्यांवर.

२५ फेब्रुवारीला नेपियर आणि कासाई भेटले. नेपियर हत्तीवरून गेला. त्या देशात हत्ती रानात होते, पण माणसाला पाठीवर घेऊन फिरणारा हत्ती कुणी पाहिलेला नव्हता, आणि त्याचा परिणाम काय होणार हे नेपियरला पक्कं ठाऊक होतं. कासाईला तोफा दाखवल्या, भेटी दिल्या. कासाईने धान्य द्यायचं आणि वाटेवर त्रास न द्यायचं कबूल केलं. दोघांनाही काय हवं ते स्वच्छ कळत होतं. तेवोद्रोस गेला की गादी रिकामी होणार होती आणि परत जाताना इंग्रज हत्यारांचं ओझं कमी करतील, असा कासाईचा होरा होता. तो खरा ठरला. जाताना नेपियरने त्याला तोफा, उखळी तोफा आणि शेकडो बंदुका दारूगोळ्यासह देऊन टाकल्या. त्यांच्या जोरावर कासाईने १८७१ मध्ये गोबेझेला हरवलं, पुढच्या वर्षी चौथा योहान्नेस म्हणून राज्याभिषेक करून घेतला आणि १८७५-७६ मध्ये चाल करून आलेल्या इजिप्तच्या फौजांना दोनदा धूळ चारली. ‘आम्ही कारभारात हात घातला नाही’ असं इंग्रज पुढे सांगत, तेव्हा हा भाग ते गाळत.

मगदाला

तेवोद्रोसही त्याच वेळी मगदालाकडेच निघाला होता. त्याच्या तोफा गाफात इथल्या जर्मन-स्विस मिशनरी कारागिरांकडून ओतून घेतलेल्या. त्यांतली ‘सेवास्तोपोल’ नावाची उखळी तोफ अंदाजे ७ टनांची. ती नेण्यासाठी त्याने जिद्दा आणि बेशिलो नद्यांच्या खोल दऱ्यांतून रस्ता खोदून काढला, अनेकदा स्वतः हातात दगड घेऊन. मार्चअखेर तो किल्ल्यावर पोचला. गंमत म्हणजे मागून येणाऱ्या नेपियरच्या हत्तींनी आणि आर्मस्ट्राँग तोफांनी या दऱ्या त्याच रस्त्याने ओलांडल्या. राजाने शत्रूसाठी इतका चांगला घाट बांधून ठेवल्याची दुसरी उदाहरणं फार नसतील.

१० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दुपारी, आरोगेच्या पठारावर गाठ पडली, आणि तीही एका चुकीतून. पुढची वाट सुरक्षित असल्याचा निरोप कर्नल फेयरकडून आला, म्हणून सामानाची खेचरं पायदळाच्या पुढे खोऱ्यात शिरली. वरून तेवोद्रोसचा सेनापती फितौरारी गाब्रिये याच्या लोकांना दिसलं ते राखणीविना चाललेलं घबाड. ते हजारोंच्या संख्येने डोंगर उतरून धावले. समोर ४थी किंग्ज ओन पलटण आली, तिच्या हातात मागून भरायच्या नव्या स्नायडर रायफली. पुढचं वर्णन करण्यासारखं फारसं नाही. सुमारे ७०० हबशी मेले, त्यात गाब्रिये स्वतः, आणि १,२०० च्या आसपास जखमी झाले. पलीकडे २० जण जखमी, त्यांतले दोन नंतर गेले.

एक तपशील मात्र सोडू नये. त्याच लढाईत सामानाच्या रक्षणाला उभ्या राहिलेल्या पंजाब पायोनियरांच्या हातात तोंडाने भरायच्या जुन्या बंदुका होत्या, म्हणून त्यांना संगिनीवर यावं लागलं. हा योगायोग नव्हता. १८५७ नंतर देशी शिपायाच्या हातातलं हत्यार गोऱ्याच्या हत्याराच्या एक पायरी खाली ठेवायचं, हे धोरण ठरलेलं होतं. बारा वर्षांनी, १८८० मध्ये, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या मैदानात गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली आणि मुंबई ग्रेनेडियर्सच्या हातात तीच, आता जुनी झालेली, स्नायडर होती. त्या दिवशी समोर कासाईसारखा कुणी विकत घेतलेला शेजारी नव्हता, आणि मुंबईच्या पलटणी तिथे कापल्या गेल्या.

आरोगेनंतरचे दोन दिवस गैरसमजाचे. तेवोद्रोसने ईस्टरसाठी १,००० गाई आणि ५०० मेंढ्या पाठवायची तयारी केली. त्याच्या रिवाजाप्रमाणे भेट स्वीकारली की तह झाला. ती स्वीकारली आहे असा निरोप त्याला मिळाला, म्हणून त्याने सगळे युरोपी कैदी सोडून दिले. मग कळलं, गुरं इंग्रजांच्या चौकीवर अडवलेली आहेत आणि नेपियरला बिनशर्त शरणागती हवी आहे. कैदी तर हातचे गेले होते. इथे एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे: स्वारीचं जाहीर केलेलं काम १२ एप्रिललाच पुरं झालं होतं. १३ तारखेचा हल्ला इभ्रतीसाठी होता. तेवोद्रोसला बिचारा ठरवायचंही कारण नाही. लढाईच्या आदल्याच दिवशी त्याने आपल्याच देशाचे शेकडो कैदी कड्यावरून लोटले होते. पण त्यांना सोडवायला कुणी आलेलं नव्हतं.

हल्ल्यात ३३वी पलटण दरवाजापाशी पोचली तेव्हा कळलं, सुरुंगाची दारू आणि शिड्या आणायला इंजिनियर विसरले आहेत. सहा महिने पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या स्वारीला दाराशी दारू सापडू नये! दोघे शिपाई कुंपणावरून आत चढले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेवोद्रोसने राणीने पूर्वी भेट पाठवलेल्या पिस्तुलानेच स्वतःला संपवलं.

लूट वाहायला १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरं लागली. देलांताच्या पठारावर तिचा लिलाव झाला. ब्रिटिश म्युझियमचा रिचर्ड होम्स खरेदीसाठी फौजेबरोबरच होता, आणि शेकडो हस्तलिखितं इंग्लंडला गेली. १७ एप्रिलला मगदाला पेटवून दिला. तेवोद्रोसची राणी तिरुवर्क परतीच्या वाटेवर वारली. सात वर्षांचा राजपुत्र अलेमायेहू इंग्लंडला नेला गेला, तिथेच १८७९ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी गेला आणि विंडसरला पुरला गेला. त्याचे अवशेष परत द्यावेत ही मागणी २०२३ मध्येही राजवाड्याने नाकारली.

बिल

संसदेपुढे आधी २० लाख पौंडांची गोष्ट झाली, लांबलं तर ३५ लाख. प्रत्यक्षात आकडा सुमारे ८६ लाखांवर जाऊन थांबला. इंग्लंडात आयकर पौंडामागे एका पेनीने वाढवला आणि १८६९ मध्ये कॉमन्स सभेच्या समितीने जहाजांची भाडी, खेचरांची खरेदी, मुंबई सरकारचा कारभार यांची उलटतपासणी केली. नेपियरने सुरुवातीला मोठी फौज मागितली म्हणून खर्च वाढला, असं म्हणता येईल. मला वाटतं वाढलेल्या खर्चाचा बराचसा भाग घाईचा होता. वर्षानुवर्षं पत्रांची ये-जा चालली, आणि मग तीन महिन्यांत सगळं जग विकत घ्यायचं ठरलं.

हिंदुस्थानचा वाटा मात्र घाईत ठरला नव्हता. १८५८ च्या कायद्यातल्या ५५व्या कलमानुसार सरहद्दीबाहेरच्या स्वारीसाठी हिंदुस्थानची तिजोरी संसदेच्या संमतीवाचून उघडता येत नव्हती. २८ नोव्हेंबर १८६७ ला ती संमती मागितली गेली. युक्तिवाद असा: या पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थान एरवीही देतोच, तो देत राहील, वरचा जादा खर्च इंग्लंड करेल, मग हिंदुस्थानचं नुकसान काय? ऐकायला बिनतोड वाटतं. लॉर्ड क्रॅनबोर्न याने, जो पुढे सॅलिसबरी म्हणून पंतप्रधान झाला, त्याच चर्चेत सुनावलं की पूर्वेच्या समुद्रातली इंग्लंडची बराक, जिथून पैसे न मोजता हवे तेवढे शिपाई उचलावेत, अशा नजरेने हिंदुस्थानकडे पाहिलेलं मला आवडत नाही. ठराव तरीही मंजूर झाला.

दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे दादाभाई नौरोजींनी याच विषयावर निबंध वाचला. मुंबईहून निघालेल्या स्वारीचा पहिला जाहीर हिशेब मुंबईच्याच माणसाने मागितला, आणि तोही नेपियर झुल्लाला उतरायच्या महिनाभर आधी. आपल्याकडे दादाभाईंचं नाव संपत्तीच्या गळतीशी जोडलं जातं. तो विचार पुढच्या वर्षांत आकार घेत गेला, पण पगाराचा हा साधा, व्यवहारी प्रश्न त्याच्या अगदी सुरुवातीला उभा आहे. एवढी फौज सहज बाहेर पाठवता येत असेल, तर मुळात ती हिंदुस्थानच्या गरजेपेक्षा जास्त आहे, आणि ती जास्तीची फौज आम्ही का पोसायची? ‘एरवीही देतोच’ या उत्तरात याला उत्तर नव्हतं.

नेपियरला ‘मगदालाचा लॉर्ड’ ही पदवी मिळाली आणि १८७० मध्ये तो सबंध हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. पगाराची वाटणी ज्या तत्त्वावर केली होती, ते नंतरच्या स्वाऱ्यांनाही लागू करायचा प्रयत्न होत राहिला: १८८२ मध्ये इजिप्त, १८९६ मध्ये सुदानमधलं सुआकिन. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात खर्च कसा वाटायचा हे तपासायला १८९५ मध्ये वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई त्यावर सभासद होते. १८९७ मध्ये पुण्याहून गेलेले गोपाळ कृष्ण गोखले आणि मुंबईचे दिनशा वाच्छा त्याच आयोगापुढे साक्षीला बसले, आणि तीस वर्षांपूर्वीचा तो प्रश्न अजून सुटायचाच होता.